माजी सैनिकाच्या डोळ्यांचे उपचार ईसीएचएसमधून कसे करून घ्यावेत

आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, नजर कमी झाल्याचं कधी बोलून दाखवलं नाही. दूध डेअरीच्या पावतीवरचं फॅट वाचायला ते नातवाला हाक मारायचे. सातारा स्टँडवर गाडीचा बोर्ड वाचायचं सोडून कंडक्टरलाच विचारायचे. एक रुपया की दोन, हे नाणं अंगठ्यानं चाचपून ओळखायचे. मराठा लाईट इन्फन्ट्रीत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस 'मला दिसत नाही' असं आपणहून म्हणणार नाही, हे आम्हाला फार उशिरा उमगलं. तोवर दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. म्हणून हे सगळं मी मुख्यतः फौजींच्या मुला-सुनांसाठी लिहितोय. सातारा जिल्ह्यात तर अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, जिथं घराघरात फौजी सापडतो. हे काम घरातल्या तरुण माणसानंच हातात घ्यायचं आहे.

आधी कार्ड आहे का ते बघा

पेन्शन घेणाऱ्या माजी सैनिकासाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. त्याची पत्नी, अवलंबून असलेली मुलं आणि आई-वडील, तसंच फौजी हयात नसेल तर फॅमिली पेन्शन घेणारी त्याची पत्नी, या सगळ्यांना ती लागू होते. अलीकडे निवृत्त झालेल्यांची वर्गणी निवृत्तीच्या वेळीच कापली जाते. खरी अडचण जुन्या लोकांची असते. त्यातले बरेच जण योजनेचे सभासदच नसतात आणि दरमहा एक हजार रुपयांचा वैद्यकीय भत्ता घेत राहतात. सभासद झाल्यावर तो भत्ता बंद होतो, म्हणून मागे सरतात. पण उतारवयातला हॉस्पिटलचा खर्च बघता हा हिशोब तोट्याचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

वर्गणी एकदाच भरायची असते. डिसेंबर २०१७ च्या आदेशानुसार हवालदारापर्यंत ३० हजार, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७ हजार आणि अधिकाऱ्यांना १ लाख २० हजार रुपये. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात पती गमावलेल्या वीरपत्नींना वर्गणी माफ आहे. तुमच्या घरातले आजोबा या माफीत बसत असतील आणि अजून कार्ड नसेल, तर या आठवड्यातच कामाला लागा.

कागद, आणि त्यातली नावं

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, म्हणून सविस्तर सांगतो. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदीचं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन, बँक पासबुक आणि फोटो एवढं लागतंच. आमच्याकडे डिस्चार्ज बुक पत्र्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत, पिवळ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. ते उघडलं तेव्हा आईचं नाव 'शकू' निघालं. आधारवर 'शकुंतला'. जन्मतारीखही वेगळी. अर्ज तिथंच अडला.

अर्ज भरण्याआधी डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि आधार शेजारी शेजारी ठेवा. नवरा-बायकोचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळते का ते बोट ठेवून बघा. चूक आधारवर असेल तर आधार केंद्रात दुरुस्त होते. चूक लष्करी नोंदीत असेल तर फौजीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं. मराठा लाईट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला. तिथून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलल्याचा लष्करी आदेश, निघून नोंद सुधारेपर्यंत धीर धरावा लागतो. हे पत्र कसं लिहायचं आणि सोबत काय जोडायचं, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात समजावून सांगतात. पीपीओ सापडत नसेल तर पेन्शन स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाईन पेन्शन व्यवस्थेवर आलेली असल्यास तिथून उतरवून घेता येतो.

कागद जुळले की कार्डाचा अर्ज ऑनलाईन भरायचा. वडिलांना मोबाईलवर हे जमणार नाही, तुम्हीच भरा.

पॉलिक्लिनिकचा दिवस

कार्ड हातात आलं म्हणून थेट डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ नका. एरवीच्या उपचाराची सुरुवात सहसा ईसीएचएस पॉलिक्लिनिकपासून, म्हणजे योजनेच्या स्वतःच्या दवाखान्यापासून होते. साताऱ्यात आहे, सांगलीतही आहे. तुमचं कार्ड ज्या पॉलिक्लिनिकला जोडलेलं असेल तिथं सकाळी लवकर पोचा. सोबत कार्ड, जुना चष्मा, चालू असलेल्या गोळ्या त्यांच्या पाकिटांसकट, आणि साखर असेल तर शेवटचा रिपोर्ट घ्या.

डॉक्टरांपुढे फौजी माणूस सवयीनं 'सगळं ठीक आहे' म्हणतो. त्याआधी तुम्ही बोला. संध्याकाळी गाडी चालवत नाहीत, समोरून दिवे आले की थांबतात, पायरी चुकते, हे नेमकं सांगा. मधुमेह असेल तर डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी मागा, ती दरवर्षी व्हायला हवी. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजून घ्या. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, कडेची नजर हळूहळू खातो आणि गेलेली नजर परत येत नाही.

डॉक्टर तपासून रेफरल, म्हणजे पुढच्या हॉस्पिटलासाठीची चिठ्ठी, देतात. पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या, हॉस्पिटलांपैकी कुठं जायचं हे निवडायचा हक्क तुमचा आहे. यादी मागा, वाचा, घराजवळचं किंवा एसटीनं सोयीचं पडेल ते निवडा. रेफरलवर फक्त तपासणी लिहिली आहे की शस्त्रक्रियाही, आणि ते किती दिवस चालेल, हे खिडकीवरून हलायच्या आधी वाचून घ्या. फक्त तपासणीचं असेल आणि पुढं ऑपरेशन ठरलं, तर पुन्हा पॉलिक्लिनिकला यावं लागतं. आमचा असा एक हेलपाटा झाला. साठ किलोमीटर जाऊन-येऊन.

हॉस्पिटलात

डोळ्यांत थेंब टाकून बाहुली मोठी करतात. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. म्हणून वडिलांना मोटरसायकलवर एकटं पाठवू नका. काळा चष्मा न्या, सोबत जा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की लेन्सचा विषय निघतो. योजना ठरलेल्या मर्यादेपर्यंत लेन्सचा खर्च देते, भारी लेन्स घेतली तर वरचा फरक आपल्या खिशातून जातो. एका ठिकाणी आम्हाला हे ऑपरेशनच्या सकाळी, म्हातारा माणूस उपाशीपोटी बाकावर बसलेला असताना सांगितलं. तेव्हा नाही म्हणायची हिंमत होत नाही. म्हणून आदल्या भेटीतच विचारा: योजनेत बसणारी लेन्स कोणती, ती घातली तर मला किती भरावे लागतील? उत्तर कागदावर घ्या. योजनेतल्या साध्या लेन्सनंही अण्णा आज लांबचा बोर्ड स्वतः वाचतात.

ऑपरेशननंतरचे थेंब काही आठवडे चालतात. पॉलिक्लिनिकमध्ये एखादं औषध उपलब्ध नसेल तर तशी नोंद करून घ्या आणि ते कुठून, कसं घ्यायचं ते तिथंच विचारा.

थांबू नये अशी वेळ

एकाएकी डोळ्यापुढं पडदा सरकल्यासारखं होणं, प्रकाश चमकून काळे ठिपके नाचणं, डोळा लाल होऊन भयंकर दुखणं आणि सोबत उलटी, किंवा अचानक दिसेनासं होणं. यातलं काही झालं तर रेफरलची वाट बघू नका, जवळच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात जा. ते पॅनेलवर नसेल तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा आणि बिलं, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट मूळ प्रतीत जपून ठेवा. परतावा योजनेच्या दरानं मिळतो.

पेन्शन नसेल तर

थोडी वर्षं नोकरी करून पेन्शनशिवाय परतलेले फौजीही आपल्या गावांत आहेत, आणि त्यांची आठवण कोणाला राहत नाही. हवालदारापर्यंतच्या अशा माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून उपचारासाठी मदत मिळते, अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं. साताऱ्यात त्यासाठी क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात जा.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं की घरातले हुश्श करतात आणि दुसरा डोळा राहून जातो. पुनर्तपासणीच्या दिवशीच डॉक्टरांकडून दुसऱ्या डोळ्याबद्दल लिहून घ्या, आणि परत येताना तो कागद पॉलिक्लिनिकमध्ये दाखवूनच घरी या.