रोज चालताय, तरी साखर उतरत नाही? मग या चुका तपासून बघा

आमच्या बागेच्या फाटकाबाहेर सकाळी सातला दोन गाड्या लागतात. एक इडली-वड्याची, दुसरी कारल्याच्या आणि दुधीच्या रसाची. चालून आलेली मंडळी आधी दुसऱ्या गाडीवर जातात, तोंड वेडंवाकडं करून ग्लास रिकामा करतात आणि मग हक्काने पहिल्या गाडीकडे वळतात. चार वर्षं त्या रांगेत मीही होते. पाऊस असो, थंडी असो, चालणं चुकवलं नाही. आणि त्याच चार वर्षांत माझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब, ७.४ वरून ८.१ वर गेलं.

डॉक्टरांपुढे मी तक्रारच मांडली, की एवढं चालून उपयोग काय? त्यांनी सकाळचं काहीच विचारलं नाही. जेवून उठल्यावर काय करता, एवढंच विचारलं. जेवून उठल्यावर मी मालिका बघत होते.

शतपावली म्हणजे नेमकी किती पावलं?

सगळ्यात मोठी चूक इथे होते. सकाळचा फेरफटका आपण पूजेसारखा उरकतो आणि मग दिवसभर मोकळे. पण साखर चढते ती जेवल्यानंतर. पायाचे, मांड्यांचे स्नायू काम करायला लागले की ते रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता थेट ओढून घेतात. मधुमेहात इन्सुलिनचंच काम अडलेलं असतं, म्हणून या दुसऱ्या वाटेचं मोल मोठं. आणि ही वाट जेवल्यानंतर उघडली तर सगळ्यात जास्त कामाला येते.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये हे तपासलं होतं. मधुमेहाच्या त्याच रुग्णांनी काही दिवस दिवसातून एकदा, जमेल तेव्हा ३० मिनिटं चालायचं, आणि काही दिवस तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटं. मिनिटं तेवढीच. तरी जेवणानंतर चालले तेव्हा त्यांची जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी भरली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी.

मी घरच्या ग्लुकोमीटरवर करून बघितलं. रात्री दोन पोळ्या, वाटीभर भात, आमटी, भेंडीची भाजी. सोफ्यावर बसले त्या दिवशी दोन तासांनी २१२. दुसऱ्या दिवशी जेवण तेच, फक्त हात धुतल्यावर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं चकरा मारल्या. १६८. एका रात्रीचा आकडा हा काही पुरावा नव्हे, पण आठवडाभर असंच येत राहिल्यावर मालिका मोबाइलवर गेली, कानात घालून चालता येते.

आपल्याकडे शतपावली होतीच की, असं कोणी म्हणेल. होती. पण जरा हिशेब करा. ज्या चालीने व्यायाम घडतो ती चाल मिनिटाला साधारण शंभर पावलांची. म्हणजे शतपावली हा अक्षरशः एका मिनिटाचा व्यायाम झाला! गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढेकर देत फिरणं त्याहूनही कमी. दहा-पंधरा मिनिटं तरी हवीतच. धापा टाकायची गरज नाही. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरे. चालताना छातीत भरून येत असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

“दिवसभर कामच तर करते”

हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा म्हटलंय. ओट्याशी उभं राहणं, कपडे वाळत घालणं, भाजी निवडणं यात दमणूक होते हे खरं, पण दमणूक म्हणजे व्यायाम नव्हे. भाजी निवडताना तर आपण तासभर मांडी घालून बसलेलोच असतो. घरकाम मोजायचं असेल तर ज्यात श्वास थोडा वाढतो तेवढंच मोजा: फरशी पुसणं, जिने चढणं, जड पिशव्या आणणं.

याचा जुळा भाऊ म्हणजे बैठं ऑफिस. सकाळी तासभर घाम गाळून पुढे आठ तास खुर्ची सोडायची नाही, हेही नुकसानीचंच. दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटं फिरा. पाण्याची बाटली मुद्दाम टेबलापासून लांब ठेवा, काम भागतं.

नुसतं चालणं पुरत नाही

मी जाड नाही. म्हणूनच मला डायबेटिस कसा, याचं नातेवाइकांना आजही नवल वाटतं. याचं उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी त्या सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण वजनकाट्यावर बारीक दिसतो, आत मात्र स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाभोवती. म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची टेप खरं बोलते. आपल्याकडे कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० च्या आत हवा.

साखर साठवायचं मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान असेल तर चालून चालून किती रिकामं करणार? म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचे व्यायाम हवेतच. जिमची पावती फाडायची गरज नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा, असे तीन फेरे. शाळेत शिक्षा म्हणून काढलेल्या उठाबशांचा हा म्हातारपणचा अवतार. भिंतीला हात लावून जोर, टाचा उचलून उभं राहणं, पाण्याच्या दोन भरल्या बाटल्या उचलणं. वजन उचलताना श्वास मात्र रोखू नका, रक्तदाब एकदम चढतो. आणि डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेला असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वजनाला हातच लावू नका.

एकूण लक्ष्य आठवड्याला १५० मिनिटांचं, आणि लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. व्यायामाने इन्सुलिनला आलेली धार एक-दोन दिवसांत बोथट होते. रविवारी सिंहगड चढून सोमवार ते शनिवार आराम, हे गणित म्हणूनच जमत नाही.

ज्या चुकीने मला भाजीवालीसमोर खाली बसवलं

पौषातली संकष्टी होती. साखरेची गोळी रोजच्या वेळेला घेतली, कारण गोळी चुकवायची नाही हे डोक्यात पक्कं. उपास म्हणून पोटात फक्त बिनसाखरेचा चहा. आणि चालणं चुकवायचं नाही हेही पक्कं, म्हणून देवळात पायी जाऊन तशीच मंडईत शिरले. कोथिंबिरीची जुडी वीस, मिरच्या पंधराच्या. पस्तीस होतात हे मला सुचेना. हातातल्या नोटा बघत नुसती उभी राहिले. बाहेर एवढी थंडी आणि माझं ब्लाउज घामाने पाठीला चिकटलेलं.

“ताई, तुम्ही आधी खाली टेका,” भाजीवाल्या मावशी म्हणाल्या आणि शेजारच्या गुऱ्हाळातून उसाच्या रसाचा ग्लास घेऊन आल्या.

“उपास आहे हो माझा.”

“उपास राहू द्या. गिळा आधी.”

त्या मावशींच्या घरात कोणीतरी डायबेटिसवालं असणार, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

साखर ७० च्या खाली गेली की ती कमी झाली असं धरतात. थरथर, घाम, धडधड, एकदम कडकडून भूक, चिडचिड, साधी बेरीज न जमणं, ही तिची लक्षणं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर धडधड जाणवत नाही, घाम मात्र सुटतो, तेव्हा घामावर लक्ष ठेवा. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटं थांबा, परत मोजा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर थोडं खा. पेढा, चॉकलेट, क्रीमची बिस्किटं यांनी काम होत नाही, कारण त्यातल्या तुपा-लोण्याने साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, १०८ ला फोन करा.

आता यातली खरी मेख. हा धोका सगळ्याच गोळ्यांना सारखा नाही. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा अशी कोसळत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी ती कोसळू शकते, कारण पोटात अन्न असो वा नसो, त्यांचं काम चालूच राहतं. माझी गोळी ग्लिमेपिराइडची होती. ती घेऊन उपाशीपोटी चालायला जायचं नसतं, हे मला चार वर्षांत ठाऊकच नव्हतं, आणि विचारायचं सुचलंही नव्हतं. तुम्ही विचारा: “माझ्या औषधाने साखर खाली जाऊ शकते का, आणि उपासाच्या दिवशी ते कसं घ्यायचं?” या औषधांवर असाल तर निघण्यापूर्वी मोजा. ९० च्या खाली असेल तर आधी एखादं फळ किंवा अर्धी पोळी खाऊन निघा. इन्सुलिन मांडीत टोचून लगेच चालायला जाऊ नका, चालत्या मांडीतून ते भराभर रक्तात उतरतं. आणि मोठी पायपीट झाली, गड चढलात, तर त्या रात्री झोपण्याआधी मोजून घ्या. उतार कधीकधी रात्री उशिराही येतो.

खिशात साखरेच्या दोन पुड्या असू द्या. माझ्या पर्समध्ये किल्ल्यांच्या जोडीला आता त्याच असतात.

उलटं झालं तर?

कधी व्यायाम करून आल्यावर साखर आधीपेक्षा जास्तच दिसते आणि माणूस हबकतो. धावणं, जोरकस बैठका यांनी अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि यकृत साठवलेली साखर बाहेर सोडतं. पहाटेही काहीही न खाता यकृत हेच करतं. तास-दोन तासांनी परत मोजा, बहुतेकदा उतरलेली असते. मात्र साखर २५० च्या वर आहे, अंगात ताप किंवा उलट्या आहेत, तर त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांना गाठा.

मोजण्यातही गंमती होतात. आंबा चिरून झाल्यावर हात न धुता बोट टोचलं तर मीटर आंब्याचीच साखर दाखवतो. सॅनिटायझरवर भागवू नका, साबण-पाण्याने हात धुवा आणि कोरडे करा. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, हात धुतल्यापासून नव्हे. लॅबच्या तपासणीआधी चार दिवस गोड सोडणाऱ्यांना एचबीए१सी पकडतंच. पण लोहाच्या कमतरतेने तोच आकडा खोटा चढूही शकतो. आपल्याकडच्या कित्येक बायकांना अ‍ॅनिमिया असतो, तेव्हा हिमोग्लोबिनही सोबत तपासून घ्या.

ताटाबद्दल थोडक्यात

गूळ ही साखरच आहे. मध हीही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ आहे, म्हणून उपासाच्या खिचडीने साखर उडी मारते. भाकरी पोळीपेक्षा बरी, पण तीन भाकऱ्या एका पोळीपेक्षा बऱ्या नव्हेत. कारल्याचा रस गोळीची जागा घेत नाही, आणि दुधीचा रस कडू लागला तर लगेच थुंका, कडू दुधी विषारी असतो. आपल्या जेवणाची सुरुवात वरणभाताने होते, ती उलटी करा: आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाजीपोळी, भात सगळ्यात शेवटी. पदार्थ तेच राहतात, साखर हळू चढते.

पाय

मधुमेहात तळव्यांची जाणीव बोथट होत जाते. भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्या आणि फोड आल्याचं रात्री मुलीने सांगितल्यावर कळलं, अशी एक बाई आमच्याच गटात आहे. ती जखम भरायला अडीच महिने गेले. चपलेवर चालू नका. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घालण्याआधी आत हात फिरवून खडा बघा. झोपताना तळवे आरशात बघा, तेवढं एक मिनिट काढाच.

अजून काठावर असाल तर

“बॉर्डरवर आहे, बघू पुढे” ही चूक मी सात वर्षं केली. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी काठावरच्या भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चालणं आणि खाणं सुधारण्याने मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिनने २६ टक्क्यांनी. म्हणजे गोळीइतकंच.

आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी आपल्या आपण बंद करू नका. माझी ग्लिमेपिराइड निम्मी झाली, पण ती माझ्या वहीवरून डॉक्टरांनी केली. वहीत चार रकाने आहेत: काय खाल्लं, गोळी कधी घेतली, किती चालले, दोन तासांनी आकडा किती. एचबीए१सी आता ६.९ आहे.

इडलीच्या गाडीवर अजून जाते. दोन इडल्या, सांबार जास्त, चटणी थोडी. रसाची गाडी सोडली. आणि बागेतून घरापर्यंत पूर्वी रिक्षा करत होते, ती खाल्ल्यानंतरची पंधरा मिनिटं आता पायी.