कॅटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले असतील तर
आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठी असलेल्या कॅटच्या सराव परीक्षेचा निकाल मनासारखा आला नाही की लगेच दुसरी परीक्षा देण्याचा मोह होतो. तो सर्वप्रथम आवरावा. दोन तासांच्या त्या पेपरवर पुढचे किमान तीन तास खर्च करावेत, उत्तरे न पाहता आणि घड्याळ न लावता चुकलेला व सुटलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा सोडवावा, आणि चुकांच्या वहीत कारण लिहावे: संकल्पनाच येत नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न घाईने वाचला, की सोडून द्यायच्या प्रश्नात अडकून राहिलो. निवांत बसल्यावर जो प्रश्न सुटतो, त्यासाठी पुन्हा धडा वाचण्याची गरज नसते. तिथे निवड चुकलेली असते. नागपुरात अभ्यासिकांची वानवा नाही, आणि ही वही घेऊन तिथे काढलेली एक संध्याकाळ नव्या क्लासची फी भरण्यापेक्षा अधिक लाभाची ठरते, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर हिशेब मांडावा. बरोबर उत्तराला 3 गुण मिळतात आणि बहुपर्यायी प्रश्न चुकल्यास 1 गुण जातो. म्हणून गणिताचे 14 बहुपर्यायी प्रश्न सोडवून 6 बरोबर आले तर हाती 10 गुण राहतात, पण 9 सोडवून 7 बरोबर आले तर 19 मिळतात. ज्यांत उत्तर टंकावे लागते त्या प्रश्नांना ऋण गुण नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

तर्क व माहिती विश्लेषणात पहिली पाच मिनिटे प्रश्नांचे सर्व संच नजरेखालून घालून त्यांतले दोन निवडावेत. प्रत्येक विभागाला 40 मिनिटे बांधलेली आहेत, वेळ इकडून तिकडे नेता येत नाही, आणि आयआयएम प्रवेशासाठी विभागवार किमान पर्सेंटाइलही (किती टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत, तो आकडा) पाहतात. त्यामुळे मिहानमधील आयआयएम नागपूरचे स्वप्न पाहणाऱ्या, मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजी उताऱ्यांना बगल देऊ नये. रोज एक अपरिचित विषयाचा लेख वाचून त्याचा आशय स्वतःच्या मराठी वाक्यात लिहावा. लेखकाचे म्हणणे खरोखर कळले की नाही, हे त्यातून लगेच उघड होते.

प्रवेशपत्रावर सकाळी साडेआठचे सत्र आले, तर उरलेल्या सराव परीक्षा त्याच वेळी द्याव्यात. नोव्हेंबरअखेरच्या गारठ्यात कामठीहून किंवा हिंगण्याहून केंद्रावर पोहोचायचे असल्यास उठण्याची सवयही तेव्हापासूनच लावावी. राज्याच्या एमबीए सीईटीचा सराव मात्र वेगळ्या दिवशी ठेवावा, कारण तिथे 150 मिनिटांत 200 प्रश्न असतात आणि ऋण गुण नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो.