पॉलीहाऊसमध्ये हाताने परागीभवन: या चुका टाळा

वेलाला फुलं भरपूर, मादी फुलाखाली इवलंसं फळही दिसतं, आणि चार दिवसांत ते पिवळं पडून गळतं. मग खतं बदलली जातात, फवारण्या वाढतात. बंद पॉलीहाऊसमध्ये मधमाशी पोहोचत नाही, त्यामुळे आधी शंका घ्यायची ती परागीभवनाची.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटू लागतं. दुपारी सवडीने केलेली मेहनत वाया जाते. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी उमलतात, त्यांच्यापाशी सकाळी जाऊन काही मिळत नाही.

सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात. ती खुडून टाकू नका, मादी फुलं मागून येतात.

काम करताना ताजं नर फूल घ्या, पाकळ्या काढा आणि मधल्या दांड्यावर बोट टेकवून बघा. बोटाला पिवळी भुकटी लागली तरच ते फूल कामाचं. मग मादी फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे मधल्या चिकट टोकावर, ते हलकेच फिरवा, तिच्या प्रत्येक भागाला पराग लागला पाहिजे. घाईत एकाच बाजूला टेकवलं, तर फळ वाकडं होतं किंवा एका टोकाला बारीक राहतं.

टोमॅटोला ब्रश लावत बसणं मला तरी पटत नाही. त्याचे परागकण पुंकेसरांच्या, म्हणजे फुलातल्या नर भागांच्या, नळीत आत असतात, ते हादऱ्यानेच सुटतात. घोसाच्या देठाला टिचकी मारा किंवा मागून इलेक्ट्रिक टूथब्रश टेकवा. वांग्यालाही हेच लागू. पण हे दव सुकल्यावर, दुपारच्या सुमारास करायचं. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की पराग चिकटून बसतात. दिवसाचं तापमान ३२ अंशांच्या पुढे किंवा रात्रीचं १३ च्या खाली राहिलं, तर कितीही हलवा, फळधारणा कमीच होणार. तिथे हवा खेळती ठेवणं, भर उन्हात सावली धरणं, थंडीत रात्री ऊब टिकवणं हाच उपाय. फुलं उघडी असताना वरून पाणीही फवारू नका.

काकडीबाबत बियाण्याचं पाकीट नीट वाचा. पॉलीहाऊससाठीच्या अनेक जाती परागाशिवायच बिनबियांची फळं धरतात. त्यांना हाताने पराग लावला, तर उलट बिया भरतात आणि काकडी एका टोकाला फुगते.

सगळं बरोबर करूनही कोवळी फळं गळत असतील, तर वेलावर आधीची किती फळं पोसतायत ते मोजा. भार जास्त झाला की वेल नवी फळं सोडून देतो. तयार फळं वेळच्या वेळी काढा, मग पुढच्या मादी फुलांवर मेहनत घ्या.