खिडक्या नसलेला विंडोज सर्व्हर, आपल्या टेबलावरून

आमच्याकडे चौदा विंडोज सर्व्हर आहेत, त्यातले अकरा सर्व्हर कोअर. स्टार्ट मेनू नाही, डेस्कटॉप नाही, लॉगिन केलं की नुसती काळी स्क्रीन. मायक्रोसॉफ्टने हा प्रकार 2008 मध्ये आणला. सुरुवातीला मी रिमोट डेस्कटॉपने एकेका सर्व्हरवर जाऊन कमांड टाइप करत बसायचे. अकरा वेळा तेच काम, आणि सातव्या-आठव्या सर्व्हरवर हमखास काहीतरी चुकायचं. आता सर्व्हरवर जायचंच नाही, हा माझा नियम आहे.

नाव, आयपी आणि डोमेन (कंपनीतल्या मशीन आणि खाती एकत्र सांभाळणारी व्यवस्था) एवढं एस-कॉन्फिग या सर्व्हरवरच्याच सेटिंग्जच्या मेनूतून एकदा लावा. सर्व्हर 2022 मध्ये तो मेनू लॉगिन केल्यावर आपणहून येतो. सर्व्हर 2012 पासून पॉवरशेल रिमोटिंग, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून पॉवरशेलच्या कमांड चालवण्याची सोय, मुळातच सुरू असतं, त्यामुळे ते पोचतंय का हे पाहायला आपल्या मशीनवरून 'टेस्ट-डब्ल्यूएसमॅन' आणि सर्व्हरचं नाव द्या. उत्तर नाही आलं तर फायरवॉलमध्ये 5985 पोर्ट बघा. हे एचटीटीपीचं पोर्ट असलं तरी डोमेनमध्ये मजकूर एन्क्रिप्ट होऊनच जातो. डोमेन नसेल तर आपल्या मशीनवरच्या ट्रस्टेड होस्ट्सच्या, म्हणजे विश्वासू मशीनच्या, यादीत सर्व्हरची नावं टाकावी लागतात. तिथे 'सगळेच' असा अर्थ असलेलं चांदणीचं चिन्ह (*) टाकून मोकळं होऊ नका, एकेक नाव लिहा.

मग एका टेक्स्ट फाइलमध्ये सर्व्हरची नावं, एका ओळीत एक. 'इन्व्होक-कमांड'ला ही यादी द्यायची आणि महिरपी कंसात काम लिहायचं. पहिलं काम फक्त वाचण्याचं ठेवा: 'गेट-व्हॉल्यूम' देऊन डिस्कवर जागा किती उरली ते पाहा. एका वेळी 32 मशीनपर्यंत काम समांतर चालतं आणि प्रत्येक उत्तरासोबत कुठल्या सर्व्हरचं ते नावही येतं. बदल करणारी कमांड आधी 'व्हॉट-इफ' लावून चालवा (काय होईल ते फक्त सांगते, करत नाही), मग खरोखर एकाच सर्व्हरवर, मग सगळ्या यादीवर.

माझी एक चूक सांगते. मी स्क्रिप्टमध्ये सर्व्हरच्या आत शिरण्याची 'एंटर-पीएससेशन' कमांड लिहिली आणि खालच्या ओळीत प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची सेवा, बंद करायला सांगितलं. स्पूलर बंद झाला माझ्याच मशीनवर! 'एंटर-पीएससेशन' आपण स्वतः समोर बसून टाइप करण्यासाठी आहे. स्क्रिप्टमध्ये त्यापुढच्या ओळी आपल्याच मशीनवर चालतात. स्क्रिप्टसाठी 'इन्व्होक-कमांड'च. आणि आपल्याकडचं व्हेरिएबल कंसाच्या आत वापरायचं असेल तर त्याआधी 'युजिंग' लावा, नाहीतर पलीकडे ते रिकामंच पोचतं.

नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळते ती दुसरी उडी. सर्व्हरवर कमांड चालते, पण तिथून फाइल सर्व्हरवरचं शेअर उघडायला गेलं की 'ॲक्सेस डिनाइड'. परवानग्या तपासण्यात मी एक अख्खी दुपार घालवली होती. परवानग्या ठीक असतात, तुमची ओळखच पहिल्या सर्व्हरच्या पुढे जात नाही. क्रेडएसएसपी, म्हणजे आपली ओळख पुढच्या मशीनपर्यंत नेणारी लॉगिनची पद्धत, सुरू करा असं कोणी सुचवेल, पण त्याने तुमचा पासवर्ड त्या सर्व्हरच्या हाती जातो. मी 'न्यू-पीएससेशन'ने सर्व्हरशी सेशन (जोडणी) उघडते आणि 'कॉपी-आयटम'ला 'टू-सेशन' देऊन फाइल आधीच आत पाठवते. अपडेट बसवतानाही असाच नकार मिळतो. तिथे सर्व्हरवर शेड्यूल्ड टास्क तयार करून ते काम सिस्टिम खात्याकडून करून घ्यावं लागतं.

आयपी किंवा फायरवॉल बदलायची असेल त्या दिवशी मात्र व्हर्च्युअल मशीनचा कन्सोल शेजारी उघडा ठेवा. सेशन तुटलं की आत जायला तेवढाच दरवाजा उरतो.