आयएसओला घाबरलो आणि अख्खं लग्न हललं

लग्नाच्या फोटोग्राफीत असिस्टंट म्हणून शिरलो तेव्हा एवढंच ऐकून होतो की आयएसओ (कॅमेरा उजेड किती पटकन पकडतो तो आकडा) वाढवला की ग्रेन, म्हणजे फोटोत दाणे, येतो, मग काय, दादरच्या एका हॉलमधे स्टेजवर उजेडाची बोंब असून पण मी ८०० च्या वर गेलोच नाही, शटर आपोआप १/३० सेकंदावर, म्हणजे एवढं हळू की माणूस हलला की फोटो हलतो. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली, अक्षता उडाल्या आणि फोटोत नवरा-नवरी दोघंही धूसर. ज्याच्या हाताखाली होतो त्या फोटोग्राफर दादाने स्क्रीन बघितली, म्हणाला, "ग्रेन चालतो रे, हललेलं तोंड कुठून आणू आता?"

गणित खरं तर सोपंय. आयएसओ दुप्पट केला की शटर तेवढाच दुप्पट फास्ट ठेवता येतो, म्हणजे ८०० ला १/३० असेल तर ६४०० ला १/२५० मिळतो. आणि कमी आयएसओवर फोटो काळा काढून नंतर उजळवला तरी ग्रेन येतोच, उलट जास्त घाण दिसतो. फक्त स्वस्तातल्या एलईडीखाली फास्ट शटरला पट्टे येतात कारण आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. निवांत ग्रुप फोटो असेल तर १/१०० वर या, पट्टे बहुतेक जातात.

रंगाचं दुखणं वेगळंच. हळदीला सगळंच पिवळं, ऑटो व्हाइट बॅलन्सला (कॅमेरा आपणहून रंग सुधारतो ते) वाटतं दिवाच पिवळा आहे आणि तो निळं ओततो, नवरी आजारी दिसते. म्हणून केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचा आकडा) हाताने लावा, हॅलोजनला ३२०० च्या आसपास, दिवसाच्या उजेडाला ५५००. इथे सगळे नवीन लोक गंडतात (मी तर महिनाभर), कॅमेऱ्यातला आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो, निळा नाही, कारण कॅमेरा समजतो उजेड निळा आहे आणि तो भरून काढतो. त्यात व्हिडिओवाल्याचा पांढऱ्या लाइटचा पॅनल असेल तर दोन्हीकडे बघत बसू नका, चेहऱ्यावर पडतोय तो उजेड धरा. रॉ मधे (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधे) काढा, रंग नंतर सुधारतो, हललेलं नाही.

सरावाला पावसाळ्यात सकाळी दादरच्या फुलबाजारात जा, निळ्या ताडपत्रीखाली झेंडू पार मळकट येतो, तो डोळ्याला दिसतो तसा येईपर्यंत केल्व्हिन फिरवत बसा. गिऱ्हाइकांच्या वाटेत तेवढं उभं राहू नका, पाटीवाले धक्का मारतात.