ए.ए.च्या मीटिंगला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

दारू सोडायची ठरली की कुणी माळ घालतं, कुणी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतं, कुणी पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात ॲडमिट होतं, आणि ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडायला एकमेकांना मदत करणाऱ्या माणसांचे ग्रुप, हे नाव बहुतेकांच्या कानावर सगळ्यात शेवटी पडतं. मग माणूस एकदा कसाबसा जातो आणि परत तिकडे फिरकत नाही. कारण विचाराल तर बऱ्याचदा त्यात दारू नसतेच, पत्ता सापडला नाही, मेव्हणा बरोबर आला होता, समोरचा फार बोलला, असलं काहीतरी असतं.

पण आधी जीवावर बेतणारी चूक. सकाळी उठल्यापासून पिणारा माणूस "उद्यापासून ग्रुप जॉइन करतोय" म्हणून आज अचानक बंद करतो. हात थरथरणं, घाम, झोप उडणं हे तर होतंच, पण काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, दोन-तीन दिवसांनी भास सुरू होतात, भिंतीवर किडे दिसतात, घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली. हे हॉस्पिटलचं काम आहे. मीटिंगमध्ये ना डॉक्टर असतो ना औषध, तिथे फक्त दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं असतात. त्यामुळे रोजचं पिणं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मीटिंग सोबत चालू राहू दे. हे दोन्ही एकमेकांच्या विरोधात नाहीत.

आणि घरच्यांनो, ते "पेशंटच्या नकळत दारू सोडवा"वाल्या जाहिरातीतल्या पुड्या भाजीत मिसळू नका, प्लीज. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध, असू शकतं, आणि ते पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, जीवसुद्धा जाऊ शकतो. डॉक्टर हे औषध देतात ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीने.

आता पत्ता. आपल्याकडे मीटिंग बऱ्याचदा महापालिकेच्या शाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये भरते, संध्याकाळची, बाहेर मोठा बोर्ड वगैरे नसतो. इंटरनेटवरचा जुना पत्ता बघून गेलात, शाळेला सुट्टी, गेटला कुलूप, की माणूस वळतो तो सरळ बारकडेच. निघायच्या आधी ए.ए.च्या हेल्पलाइनला फोन करून आज मीटिंग आहे का, कोणत्या मजल्यावर आणि ओपन की क्लोज्ड ते विचारा. ओपनला घरचे, मित्र कुणीही बसू शकतात, क्लोज्ड फक्त ज्याला दारू सोडायचीय त्याच्यासाठी. हे माहीत नसलं की बायको व्हरांड्यात तासभर उभी आणि हा आत अर्धा जीव बाहेर ठेवून बसलेला.

आत गेल्यावर घाबरण्यासारखं काही नाही. चौथीच्या पोरांचे बुटके बाक, त्यावर गुडघे वर करून बसलेले पन्नाशीचे लोक, भिंतीला ए.ए.च्या बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या बारा टप्प्यांचा बॅनर, चहा. फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, जमलं तर दहा-वीस टाका, नाही टाकले तरी कुणी बघत नाही. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असंही नाही, आणि तुम्ही बोललात तर मध्येच कुणी सल्ला देत नाही, फक्त ऐकतात.

"मी काय एवढा बेवडा नाय" ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. कुणीतरी सांगतो नोकरी गेली, घर विकलं, फुटपाथवर झोपलो, की नवीन माणूस मनात हिशोब मांडतो, माझी नोकरी तर आहे, म्हणजे मी ओके. अहो, तिथे बसायला दारू थांबवायची इच्छा एवढी एकच अट आहे, किती बरबाद झालात याची मार्कशीट मागत नाहीत.

देवाच्या उल्लेखावरून पण काही जण भडकतात. नास्तिक लोकही वर्षानुवर्षं येतात, पायऱ्यांमध्येसुद्धा देव "आपल्याला उमगलेला" असंच आहे. एखादा ग्रुप अगदीच कीर्तनी वाटला तर दुसरा बघा, हिंदी, मराठी, इंग्रजी वेगवेगळे असतात, दुबईत किंवा नाइट शिफ्टला असाल तर ऑनलाइन आहेत. एका मीटिंगवरून निकाल लावू नका, चार-पाच तरी करा.

घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं आहे, तिथे जा. "आज काय बोललास, कोण कोण होतं" असं घरी आल्या आल्या विचारायचं नाही, तिथलं तिथेच ठेवायचा नियम आहे.

राहिली स्लिप, म्हणजे सोडल्यावर पुन्हा पिणं. सहा महिने कोरडा राहून माणूस गटारीला पितो आणि लाजेने ग्रुप सोडतो, जिथे त्याला कुणी नावं ठेवणार नसतं नेमकी तीच जागा. पुढच्याच मीटिंगला जाऊन सांगा, मोजणी पहिल्या दिवसापासून, बस. लग्न, थर्टी फर्स्ट, पगाराचा दिवस असं काही जवळ आलं की आधीच मीटिंग करा, ग्रुपमधल्या दोन-तीन जणांचे नंबर सेव्ह ठेवा, आणि रात्री-अपरात्री कुणीच उचललं नाही तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात. फोन पिण्याआधी करायचा असतो. प्यायल्यावर आठवला तर प्यायल्यावर करा.