मुलांसोबत निसर्गनिरीक्षण: या चुका टाळा

मूल कंटाळतंय? आधी किती चाललात ते बघा. पाच वर्षांच्या मुलाला तासात दोन किलोमीटर पळवलं तर त्याला मोठ्यांच्या पाठीच दिसतात. दोरीने आखलेला मीटरभराचा चौकोन अर्ध्या तासाला पुरतो.

नाव सांगण्याची घाई

नाव कळलं की बघणं थांबतं. आधी पाय मोजायला लावा. सहा असतील तर कीटक, आठ असतील तर बहुधा कोळी किंवा त्याचा भाऊबंद. सुरवंट मात्र फसवतो: त्याचे पुढचे सहाच पाय खरे, मागचे मांसल पाय पकडीपुरते.

भिंगातून धूसर दिसतं

दोष बहुतेक वेळा भिंगाचा नसतो, धरण्याचा असतो. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगात वस्तू जेमतेम अडीच सेंटिमीटरवर स्पष्ट दिसते. भिंग डोळ्याजवळ धरा, हात गालाला टेकवा आणि पान हळूहळू जवळ आणा. एक डोळा मिटता येत नसेल तर तो तळव्याने झाकू द्या. भिंगातून सूर्याकडे कधीही बघू देऊ नका.

पाळलेला सुरवंट मरतो

सर्वांत जास्त चुका इथे होतात. 'कुठलाही पाला चालेल' ही पहिली. बरेच सुरवंट ठरावीक झाडांचीच पानं खातात, नाहीतर उपाशी मरतात; म्हणून ज्या झाडावर सापडला त्याचीच पानं रोज ताजी द्या. दुसरी चूक म्हणजे घट्ट झाकण. आत ओल साचते, लेंड्यांवर बुरशी धरते. बरणीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधा, तळाशी कागद घालून तो रोज बदला. डहाळी पाण्यात ठेवली असेल तर बाटलीच्या तोंडाशी कापूस कोंबा, नाहीतर सुरवंट आत उतरून बुडतो. केसाळ सुरवंटाला हात लावू नका, अंगाला खाज सुटते.

खाणं सोडून तो बरणीभर फिरू लागला तर बहुधा कोशाची तयारी चाललेली असते. त्याला तिरपी काडी द्या. बाहेर आलेल्या फुलपाखराला पंख खाली लोंबवून पसरायला जागा लागते. अरुंद बरणीत ते चुरगळलेलेच वाळतात. कधी सुरवंटाच्या अंगावर तांदळासारखे पांढरे कोश दिसतात. ते परजीवी गांधीलमाशीचे. मुलाने काही चुकवलेलं नसतं, आणि खरं तर हे फुलपाखराइतकंच बघण्याजोगं आहे.

दगड उलटताना

पलीकडची कड उचलून दगड आपल्याकडे कलता करा. खाली साप-विंचू असेल तर त्याची वाट आपल्यापासून दूर उघडते. हे काम मोठ्यांचं. दगड होता तसा परत ठेवा, खालच्या जीवांना ओल लागते.

दुर्बिणीत पक्षी सापडत नाही

दुर्बीण लावून शोधू नका. नजर पक्ष्यावर खिळवा आणि ती न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणा. आधी दोन्ही नळ्यांमधलं अंतर मुलाच्या डोळ्यांइतकं करा. दोनऐवजी एकच गोल दिसला की जमलं. आठपटीहून जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण लहान हातांत फार हलते.